पंचफुलाबाईंनी पाहिलेली आपली झोप

वारंगा फाट्यावर व्यंकटरावांचं हॉटेल कुठलं असं कुणी विचारलं, तर लोक कढईकडे बोट दाखवत. पाटी नव्हतीच. रस्त्याला लागून पत्र्याचं छप्पर, छपराखाली चूल, चुलीवर कढई आणि कढईमागे पंचफुलाबाई. व्यंकटराव पूर्वी पिठाच्या गिरणीत कामाला होते. गिरणीच्या पट्ट्यानं उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं वरचं पेर नेलं आणि मालकानं त्यांना घरी बसवलं. त्यानंतर १९९३ साली त्यांनी हे हॉटेल टाकलं. व्यंकटराव गल्ल्यावर बसून गप्पा मारत, बाई भजे तळत. गप्पांसाठी माणसं थांबत आणि भज्यांसाठी परत येत. असं चौदा वर्षं बरं चाललं.

शेवटच्या तीन-चार वर्षांत बाई पेंगायला लागल्या. सुरुवातीला दुपारी, पुढे सकाळच्या पहिल्या घाण्यालाच. रात्री नऊला अंथरुणाला पाठ लावून पहाटे पाचला उठणारी बाई दिवसभर पेंगते, याचं घरात सगळ्यांना हसू येई. सकाळी डोकं जड, घशाला कोरड. सून दीपमाला एकदा म्हणाली, "मामी, रातच्याला तुमी मधीच गप होता. मंग एकदम दचकल्यावानी करता. मला भ्याव वाटतं." बाईंनी ते कानाआड केलं.

डिसेंबर २००७ मध्ये मात्र त्यांचा उभ्या उभ्या डोळा लागला आणि झाऱ्यासकट डावा हात तेलात गेला. कोपराखालची कातडी सोलवटून निघाली. नांदेडच्या ज्या डॉक्टरांनी पट्टी केली, त्यांनी हात कसा गेला ते विचारलं. बाईंनी खरं सांगितलं, "डुलकी लागली." डॉक्टरांनी झोपेबद्दल आणखी दहा प्रश्न विचारले आणि चिठ्ठी देऊन त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. झोपेत श्वास अडकत असावा, एक रात्र दवाखान्यात झोपून तपासणी करावी लागेल, असं तिथे ठरलं.

तपासणीला बाई तयार होत्या. अडचण दुसरीच होती.

१९७७ साली लग्न होऊन त्या कळमनुरी तालुक्यातल्या ज्या घरात आल्या, तिथे निजायला एकच खोली होती. एका अंगाला सासरा आणि दोन थोरले दीर, दुसऱ्या अंगाला बायका, मधे ज्वारीच्या पोत्यांची रांग. दुसऱ्याच रात्री सासूनं त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "निजलेल्या बाईचं तोंड बापयाच्या नदरेला पडू न्हाई. झोपेत तोंड वासतं, लाळ गळती. तोंडावर पदर घेत जा." त्या रात्रीपासून पंचफुलाबाई तोंडावर पदर ओढून, त्याचं टोक डोक्याखाली दाबून झोपत. पुढे दीर वेगळे झाले, सासरा-सासू गेले, फाट्यामागे स्वतःच्या तीन खोल्या झाल्या, सवय राहिली. सगळ्यांच्या नंतर झोपायचं आणि सगळ्यांच्या आधी उठायचं. तीस वर्षांत नवऱ्यानंही त्यांचा झोपेतला चेहरा उजेडात पाहिलेला नव्हता.

म्हणून नांदेडला निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी व्यंकटरावांना गाठलं. "तिथं माज्या तोंडावरचा पदर कुणाला काढू देऊ नका. सबूद द्या."

"कोन काढतंय तुजा पदर? दवाखाना हाय तो."

"सबूद द्या म्हनलं ना."

"दिला बाई. आता चहा टाक."

दवाखान्यात पोचल्याबरोबर पहिली फजिती झाली. परगावी जायचं म्हणून बाईंनी डोक्याला चपचपीत तेल घालून घट्ट अंबाडा घातला होता. संध्या नावाच्या सिस्टरनं कपाळाला हात लावला. "मावशी, चिठ्ठीवर लिहिलं होतं ना, तेल लावू नका म्हणून? वायर चिकटायच्या नाहीत." चिठ्ठी व्यंकटरावांच्या खिशात होती. ती कुणी वाचली नव्हती. मग सिस्टरनं बाईंना बेसिनपाशी वाकवून दोनदा केस धुतले.

त्यानंतर तासभर वायरी लावणं चाललं. टाळूवर पांढऱ्या मलमाचे ठिपके, त्यावर वायरी. डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला, पायांना वायरी. छातीला एक पट्टा, पोटाला एक. बोटाला चिमटा. नाकाखाली बारीक नळी. लुगडं बदलून दवाखान्याचा झगा घालायला बाईंनी साफ नकार दिला, तो सिस्टरनं मान्य केला. लघवीला जायचं तर घंटी वाजवायची. सिस्टर येऊन वायरींचा जुडगा सोडवील आणि गळ्यात अडकवून देईल.

"वायरी लावून बांधलेल्या माणसाला झोप कशी येईल, बाई?" त्यांनी विचारलं.

"सगळे असंच म्हणतात. आणि सगळे झोपतात," सिस्टर म्हणाली.

छताच्या कोपऱ्यात एक काळं भिंग होतं. बाईंनी ते पाहिलं. "ते काय हाय?"

"कॅमेरा आहे. तुम्ही कुशीवर वळता का, ते बघायला."

बाईंनी थोडा विचार केला. कॅमेरा म्हटल्यावर त्यांना माहीत होता तो हिंगोलीतला फोटो स्टुडिओ. शिवप्रसादच्या, म्हणजे त्यांच्या मुलाच्या लग्नाच्या वेळी तिथे दोन बाजूंना छत्र्या लावून डोळे दिपतील एवढा उजेड पाडला होता, तेव्हा कुठे फोटो निघाला. "लाईट बंद करनार ना?" त्यांनी विचारलं. सिस्टर म्हणाली, "हो, पूर्ण अंधार." बाईंचं समाधान झालं. अंधारात फोटो निघत नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. अंधारात पाहणारा कॅमेरा असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि कुणी सांगितलंही नाही.

व्यंकटराव बाहेरच्या बाकड्यावर झोपणार होते. लाईट गेली. बाईंनी नळी सांभाळत हळूच पदर तोंडावर घेतला.

सकाळी पाचला त्यांना उठवलं तेव्हा पदर गळ्याशी होता. वायरी काढायला संध्या सिस्टर नव्हती. तिची पाळी रात्री बारालाच संपली होती. किसनसिंग नावाचा मिशाळ टेक्निशियन होता. बाई दचकून उठून बसल्या. बाहेर आल्यावर नवऱ्याला पहिला प्रश्न हाच, "पदर कुनी काढला?"

"मला काय म्हाईत? मी हितं निजलो होतो. झोपेत सरकला आसंल," व्यंकटराव म्हणाले. केसातलं मलम खरवडत बाई नांदेडच्या स्टँडपर्यंत चालत गेल्या. त्यांनी नवऱ्याचं म्हणणं मानलं.

रिपोर्ट आठ दिवसांनी मिळणार होता. त्या आठ दिवसांत हॉटेलावरची माणसं बाईंची फार चौकशी करू लागली. धनसिंग नावाचा ट्रक ड्रायव्हर, नेहमीचं गिऱ्हाईक. तो बाकड्यावर बसताच विचारी, "मावशी, गाडी रातच्याला बराबर चालते ना?"

"कोनती गाडी, बाबा?"

"हेच, तुमची. घाट चढताना दम लागत नाही ना?"

सगळे हसत. व्यंकटराव गल्ल्यात खाली पाहत. बाईंना वाटे, ही पोरं तब्येतीची विचारपूस करतायत, बोलण्याची रीत तेवढी ड्रायव्हरची. एकदा त्यांनी धनसिंगला चार भजे जास्त वाढले.

आठव्या दिवशी दोघं नांदेडला गेले. डॉक्टर शांत माणूस होते. त्यांनी सांगितलं, "तुमचा श्वास झोपेत तासाला बेचाळीस वेळा थांबतो."

बाईंना ते पटलं नाही. "श्वास थांबला आसता तर मी मेले नसते का, सायेब?"

डॉक्टर हसले. असं म्हणणारे पेशंट त्यांना रोज भेटत असावेत. त्यांनी कॉम्प्युटर बाईंकडे वळवला. "मी सांगून नाही पटणार. बघा."

पडद्यावर करड्या रंगाची खोली होती. अंधार कुठेच नव्हता. खाटेवर एक बाई पडली होती आणि तिच्या तोंडावर पदर होता. ती आपण आहोत हे लुगड्याच्या काठावरून पंचफुलाबाईंच्या लक्षात आलं. इतकं स्वच्छ दिसत होतं.

डॉक्टरांना हवी होती ती जागा पुढे होती. ते व्हिडिओखालची पट्टी सरकवत होते तेवढ्यात पडद्यावरचं दार उघडलं आणि दोन माणसं आत आली. डॉक्टरांचा हात थांबला. आवाज सुरू होता. किसनसिंग म्हणत होता, "नली निकल गई ना, मामा. पदर के नीचे दब गई. टेस्ट खराब हो जाएगा. मौसी को उठाऊँ क्या?"

दुसरा आवाज म्हणाला, "उठवता कशाला? मी काढतो. तिला झोपेत काय कळून राह्यलं?"

मग एक हात पुढे आला. त्याच्या पहिल्या बोटाला वरचं पेर नव्हतं. त्या हातानं डोक्याखाली दाबलेलं टोक ओढून काढलं आणि पदर गळ्यापर्यंत खाली केला. खाली तोंड होतं: उघडं, एका बाजूला कललेलं, गालावर ओघळ. किसनसिंगनं वाकून नळी बसवली. तेवढ्यात खाटेवरच्या बाईचं घोरणं सुरू झालं.

"बाप रे," किसनसिंग म्हणाला, "मौसी तो ट्रक है."

"आमच्या फाट्यावरून रोज चारशे टरक जाऊन राह्यले," दुसरा आवाज म्हणाला, "पन आसा भोंगा एकाला न्हाई." आणि दोघं हसले. हसून झाल्यावर व्यंकटराव थोडा वेळ तिथेच उभे राहून बघत राहिले.

डॉक्टरांनी घाईनं पट्टी पुढे नेली. "हे बघा, इथे. अठ्ठावीस सेकंद श्वास नाही." बाईंनी पाहिलं. छाती धडपडत होती आणि नाकातोंडातून काही येत-जात नव्हतं. पण त्यांच्या कानात ट्रकच होता. धनसिंगची गाडी कोणती आणि घाट कुठला, हे त्यांना त्या खुर्चीवर बसल्या बसल्या कळलं.

नाकावरच्या मास्कमधून हवा आत ढकलणारं मशीन रोज रात्री लावायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. "पहिले पंधरा दिवस कुणीतरी जवळ झोपा. मास्क सरकतो, लाईट जाते. लक्ष ठेवायला माणूस हवा." व्यंकटराव म्हणाले, "मी हाय ना." मास्क कसा बांधायचा, हे बाईंनी संध्या सिस्टरला शोधून तिच्याकडून शिकून घेतलं. स्वतःच्या हातानं चार वेळा बांधून, चार वेळा सोडून पाहिला.

एसटीत अर्धापूर गेल्यावर त्यांनी तोंड उघडलं. "तुमी बाकड्यावर निजला होता ना?"

"टेस वाया गेली आसती. पुन्हा एक रात आली आसती, तुलाच तकलीफ."

"मला उठवायचं होतं. मीच काढला आसता."

"तू? तू न्हाई काढला आसता."

हे खरं होतं. बाईंनी ते मनात मान्य केलं आणि पुढचं विचारलं, "मंग हासलात काहून?"

व्यंकटराव खिडकीबाहेर बघू लागले.

"आन् धनसिंगला सांगितलं काहून?"

"अगं, गमतीनं निघून गेलं तोंडातून."

"मी त्याला चार भजे जास्त वाढले," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नेहमीसारख्या कढईपाशी उभ्या राहिल्या. धनसिंग आला, गाडीचं विचारू लागला. बाईंनी झारा कढईच्या काठावर ठेवला. "गाडी आयकायची हाय तर मलाच म्हन, मी घोरून दावते. मालकाला कशाला तरास?" बाकड्यावर कुणी हसलं नाही. धनसिंगनं भजे अर्धे टाकले आणि पुढे महिनाभर तो शेजारच्या हॉटेलात थांबला.

शिवप्रसादनं मशीन आणलं. बाईंनी ते मागच्या धान्याच्या खोलीत ठेवायला लावलं, तिथेच आपली खाट टाकली आणि सुताराला बोलावून दाराला आतून कडी बसवली. व्यंकटरावांनी दोन-तीनदा डॉक्टरांच्या पंधरा दिवसांची आठवण करून दिली. बाईंनी मान हलवली आणि रात्री कडी घातली. महिन्याभरात पेंग गेली. सकाळी डोकं हलकं, हात स्थिर. दीपमालाला त्या म्हणाल्या, "तीस वर्सांत मी निजलेच नव्हते म्हनायची."

एप्रिलमध्ये भारनियमन वाढलं. एका रात्री दीडच्या सुमारास लाईट गेली. मशीनचा घुंई आवाज थांबला. बाई जाग्या झाल्या, मास्क काढला आणि अंधारात बसल्या. बाहेर पावलं वाजली, दारावर थाप पडली.

"अगं, जागी हाइस का?" व्यंकटरावांचा आवाज होता. "मशीन बंद पडली. दार उघड."

बाई बसून राहिल्या.

"बोल की. जिवाला घोर लागला ना माज्या." थाप जोरात पडली. आवाज खरोखर घाबरलेला होता. तीस वर्षांच्या संसारात खरा आणि खोटा आवाज त्यांना ओळखता येत होता, किमान डॉक्टरांचा पडदा पाहिला त्या दिवसापर्यंत तरी त्यांना तसं वाटत होतं.

"मी जागी हाय," शेवटी त्या म्हणाल्या. "तुमी जा. दीपमालाला पाठवा."

"अगं, मी हाय ना हितं."

"दीपमालाला पाठवा."

दीपमाला कंदील घेऊन आली. बाईंनी कडी काढली, तिला आत घेतलं. कंदिलाचा उजेड क्षणभर व्यंकटरावांच्या पायांवर पडला. ते अनवाणी आले होते. मग बाईंनी आतून कडी लावली.