फोटोत कोण नाही

चष्मा कपाळावर गेला की समजायचं, काका फोटो वाचायला लागले. मग मोबाइल नाकाला टेकेल इतका जवळ, डावा डोळा मिटलेला, आणि दोनेक मिनिटांनी आमच्या ग्रुपवर एका बोटानं टाइप केलेली ओळ यायची: "फोटोत कोण हाय ते सोडा. कोण न्हाय ते बघा आधी."

मला हे सगळं दुकानात बसून दिसायचं. कळंबच्या बसस्टँडकडून बाजारात येणाऱ्या रस्त्यावर, पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं माझं दुकान आहे. बरोबर समोर त्यांचा फोटो स्टुडिओ. मधे रस्ता, रस्त्यावर चहाची टपरी, आणि त्या टपरीवर जमणाऱ्या बेचाळीस जणांचा एक ग्रुप: 'चौकातला चहा'. अ‍ॅडमिन मीच. सुप्रभात, फुलं, देवाचे फोटो यांना बंदी होती. आमच्याकडे फक्त बातम्या चालायच्या. कोणत्या नटीचं कुणाशी मोडलं, कोणता आमदार कुठल्या गाडीतून उतरला, आणि त्याचा अर्थ काय. तुमच्याही मोबाइलमध्ये असा एखादा ग्रुप असेलच. नसेल तर तुम्ही सुखी आहात.

आमच्यातला प्रत्येक जण स्वतःला जाणकार समजायचा. मी तर फारच. पण काकांनी चष्मा वर केला की आम्ही गप्प बसायचो.

एकदा एका गाजलेल्या सिनेजोडप्याचा दिवाळीचा फोटो आला. सगळं कुटुंब दिव्यांच्या उजेडात हसतंय. मेडिकलवाल्यानं लिहिलं, काय जोडी आहे. काकांनी लिहिलं, "तिच्या खांद्यावरचा हात नवऱ्याचा न्हाय, दिराचा हाय. नवऱ्याचे दोन्ही हात खिशात हायत." आम्ही हसलो. पुढच्या पाडव्याच्या आत ती दोघं वेगळी झाली. एकदा एका मोठ्या बैठकीचा फोटो होता, टेबलाभोवती सगळे पुढारी. काकांना त्यात एक रिकामी खुर्ची दिसली. "पाण्याची बाटली उघडी हाय, मानूस न्हाय. कोनतरी चिडून उठलंय." दुसऱ्या दिवशी टीव्हीवर तेच. रिटायर कंडक्टर साहेबांनी त्या दिवशी सगळ्यांना स्वतःच्या खिशातून चहा पाजला. ते पहिल्यांदाच घडत होतं, म्हणून लक्षात आहे.

चुकायचेही ते. एका हिरोच्या हाताचं प्लॅस्टर त्यांनी खोटं ठरवलं आणि ते निघालं खरं. पण चुकले की स्वतःच लिहायचे, "पडलो तोंडावर." बेचाळीस जणांत असं लिहिणारा दुसरा कुणी नव्हता.

ही विद्या त्यांना कुठून आली, ते त्यांनीच एकदा सांगितलं. जुन्या काळी लोक घरातले फोटो घेऊन यायचे आणि म्हणायचे, ह्यातला एवढा माणूस काढून टाका. भावाभावात फाटलेलं असायचं, जावई सोडून गेलेला असायचा. काका पेन्सिल आणि ब्रश घेऊन निगेटिव्हवरून तो माणूस पुसायचे. "तीस वरसं मानसं काढली म्या फोटोतनं," ते म्हणाले. "पर समदा मानूस निघत न्हाय. कुठंतरी सावली राहती. न्हाय तर कुनाच्या कमरंवर बोटं राहत्यात."

त्या दिवसापासून मी त्यांचं नाव माझ्या मोबाइलमध्ये 'काका निगेटिव्ह' असं ठेवलं. बाकी सगळ्यांकडे ते 'फोटो स्टुडिओ' किंवा नुसते 'काका' होते. एकदा मी मोबाइल त्यांच्याच टेबलावर विसरलो, आणि त्यांनी मला फोन लावला तर तो त्यांच्यासमोरच वाजला. ते नाव त्यांनी वाचलं आणि पोट धरून हसले. "ठेव, ठेव. हे नाव गावात तुझ्याचकडं आसंल."

त्यांचा एकच नियम होता. ग्रुपवर काही उलगडून सांगितलं की खाली लिहायचे, "च्या पिऊन कप हितंच ठेवा." म्हणजे बोललं ते इथंच राहू द्या, बाहेर पाठवू नका. आम्ही सगळे अंगठा दाखवायचो. मीही दाखवायचो.

आता जे सांगायचं आहे ते त्या नियमाबद्दल आहे.

नगरपरिषदेची निवडणूक लागली होती. आमच्या भागात एका पक्षाचं सगळं एका माणसाच्या हातात. त्यांना सगळे आण्णा म्हणतात. आमच्या वॉर्डातून आण्णांनी बालाजीचं नाव धरलं होतं. बालाजी म्हणजे पंधरा वर्षं सतरंज्या उचललेला कार्यकर्ता. घरचं म्हशीचं दूध घालायचा आणि दुपारनंतर पक्षाचं काम करायचा. तिकीट मिळणार म्हणून त्याच्या बायकोनं टपरीवर पेढे पाठवले होते.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या सकाळी चौकात आण्णांचं स्वागत झालं. टेंपोवर उभे आण्णा, गळ्यात भला मोठा हार, आजूबाजूला चौदा-पंधरा डोकी. फोटो दहाच मिनिटांत ग्रुपवर आला. समोर काकांचा चष्मा कपाळावर गेलेला मला दिसला.

"ह्यात बालाजी न्हाय," त्यांनी लिहिलं. "आज बालाजी फोटोत न्हाय म्हंजे बालाजी पलीकडच्यांकडं जाऊन बसला." आणि खाली नेहमीचं, च्या पिऊन कप हितंच ठेवा.

मी ते वाचलं आणि अंगात वारं शिरलं. आडत बाजारातल्या व्यापाऱ्यांचा एक ग्रुप आहे, तिथं मला कुणी फारसं विचारत नाही. त्यांना दाखवावं की आतली बातमी आपल्याकडे आधी येते. मी काकांच्या मजकुराचा स्क्रीनशॉट काढला आणि तिकडे पाठवला. एवढंच केलं. त्याला अर्धं मिनिटही लागलं नाही.

संध्याकाळपर्यंत तो स्क्रीनशॉट फिरून फिरून आण्णांकडे पोचला आणि यादीतलं बालाजीचं नाव कापलं गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला बालाजी स्टुडिओत आला. मी रस्ता ओलांडून गेलो, मला वाटलं मारामारी होईल. तो नुसता उभा होता. हातात घडी केलेला अर्ज.

"काका, माझ्या लग्नाचं फोटू तुम्ही काढलं," तो म्हणाला. "पोरीच्या जावळाचं बी तुम्हीच काढलं. येकदा ईचारायचं तरी हुतं. आण्णाला टेंपोवर चढवलं कुनी? म्या. खाली हात धरून हुबा हुतो म्या."

त्याला तिथं बघणारे पुष्कळ असतील. पण नाव कापलेल्या माणसाच्या बाजूनं बोलायला कुणी पुढं आलेलं नव्हतं.

काकांनी तो फोटो कॉम्प्युटरवर घेतला आणि मोठा करत नेला. आण्णांचं तोंड गेलं, हार गेला, शेवटी पडद्यावर राहिली आण्णांच्या कुर्त्याची बाही आणि फोटोच्या अगदी खालच्या कडेला ती बाही घट्ट धरलेला खालून आलेला एक हात. मनगटापर्यंतच. त्या हाताचा अंगठा अर्धा होता.

बालाजीचा डावा अंगठा लहानपणी कडबा कापायच्या यंत्रात गेलेला आहे. गावात सगळ्यांना माहीत आहे. काकांना तर सगळ्यांच्या आधी माहीत असायला हवं होतं, कारण लग्नाच्या प्रत्येक फोटोत "बालाजी, डावा हात मागं" असं त्यांनीच त्याला सांगितलं होतं.

काकांनी चष्मा कपाळावरून काढला आणि टेबलावर ठेवला. त्यांचे दोन्ही डोळे एकदम उघडे मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितले. "कोण न्हाय ते बघत बसलो," ते म्हणाले. "हाय तो बघायचा राहिला." मग त्यांनी त्या हाताचा मोठा प्रिंट काढला आणि मला म्हणाले, "गाडी काढ."

अर्ज भरायला तीनपर्यंत मुदत होती. आण्णांच्या वाड्यापुढच्या मांडवात आम्ही बारा वाजता पोचलो. बालाजी पाठोपाठ आला. आत सोडेनात. एक वाजला, दीड वाजला. आमच्या वॉर्डातून दुसऱ्या ज्याचं नाव निघालं होतं तो कडक इस्त्रीचे कपडे घालून पुढच्या खुर्चीत बसला होता. पक्षाचं पत्र अजून कुणाच्याच हातात पडलेलं नव्हतं. त्या पत्राशिवाय अर्जाला काही किंमत नसते. बालाजी घड्याळाकडे बघत होता आणि मी जमिनीकडे.

दोनला आण्णा बाहेर आले. काकांनी हात जोडले. "आण्णा, चूक माझी हाय. बालाजी तुमच्यापाशीच हुता."

आण्णांच्या माणसानं मोबाइल काकांच्या तोंडापुढं धरला. "हे तुमीच लिव्हलं का?"

मी काकांच्या शेजारीच उभा होतो. पडद्यावर माझा तो स्क्रीनशॉट होता आणि मजकुराच्या वर स्वच्छ दिसत होतं: काका निगेटिव्ह.

मांडवात पन्नास माणसं असतील. त्या नावाचा अर्थ दोघांनाच कळत होता. काकांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"ग्रुपवर बोललात तर बोललात," आण्णा म्हणाले. "मानसं बोलतेत. पर गावभर कुनी फिरवलं हे?"

आण्णांच्या तीन विहिरींच्या मोटारी माझ्याकडे येतात. दूध संघाचं कामही त्यांच्याच शब्दावर मिळालेलं आहे. हे सगळं त्या एका क्षणात माझ्या डोक्यातून गेलं. तोंड उघडायला मला पुरेसा वेळ होता. मी उघडलं नाही.

"लिहिलं म्या," काका म्हणाले. "आन फिरवलं बी म्याच. दुसऱ्या कुनाचा संबंध न्हाय."

त्यांनी प्रिंट पुढं केला. आण्णांनी बराच वेळ बघितला. आपली बाही ओळखली असावी. मग म्हणाले, "बालाजी, हात दाव."

बालाजीनं जन्मभर लपवलेला डावा हात सगळ्यांसमोर पुढं केला. आण्णांनी प्रिंट त्याच्या शेजारी धरला.

"मला काय ठावं, खालनं कुनाकुनाचा हात आसतो ते," आण्णा म्हणाले. पण पत्र त्यांनी बालाजीला दिलं. इस्त्रीचे कपडे उठून निघून गेले. बालाजी पळत सुटला. त्याचा अर्ज टेबलावर पडला तेव्हा तीनला बारा मिनिटं कमी होती, असं नंतर कळलं.

आण्णा आत जाताना वळून काकांना म्हणाले, "आन तुमी. हितनं फुडं आमच्या कुठल्याच कार्यक्रमात दिसायचं न्हाय."

परत येताना काका मागं बसून होते. दुकानापाशी उतरले, तेव्हा मी म्हणालो, "काका, ते मी..."

"मागचा ब्रेक बघून घे गाडीचा, लागत न्हाय," ते म्हणाले. मग खांद्यावर हात ठेवला. "च्या पिऊन कप हितंच ठेव."

त्या संध्याकाळी त्यांनी ग्रुपवर शेवटचं लिहिलं, "पडलो तोंडावर." आणि ग्रुप सोडला.

बालाजी निवडून आला. त्याच्या मिरवणुकीचे फोटो बाहेरच्या माणसानं काढले. आण्णांचे कार्यक्रम बंद झालेच, पण आण्णांना घाबरणाऱ्यांची लग्नंही दुसरीकडे गेली. काकांकडे राहिले शाळेच्या फॉर्मचे फोटो. समोरून मला ते दिवसभर दिसायचे, चष्मा नाकावर, हात मांडीवर. चष्मा पुन्हा कपाळावर गेलेला मी बघितला नाही. दर सोमवारी मी ठरवायचो की आज बालाजीकडे जाऊन सांगू. सोमवार जायचा. मी भित्रा आहे, हे मला वयाच्या चाळिशीनंतर असं समोरच्या दुकानाकडे बघून कळलं. वर्षभरानं त्यांनी स्टुडिओ बंद केला आणि तेर गावाला मुलीकडे राहायला गेले. जाताना मला त्यांचं निगेटिव्ह बघायचं भिंग देऊन गेले. मी ते घेतलंही.

गेल्या महिन्यात तिथंच ते गेले.

दुपारी ग्रुपवर बातमी आली. चाळीस जणांनी हात जोडले. निवडून आल्यावर ग्रुपमध्ये आलेल्या नगरसेवक बालाजीनं लिहिलं, "माझ्याबद्दलची अफवा त्यांनीच गावभर पसरवली होती. पण भर मांडवात चूक कबूल करणारा असा माणूस पुन्हा होणे नाही." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याला जेवढं माहीत होतं तेवढं त्यानं मोठ्या मनानं लिहिलं. खाली सगळ्यांचे अंगठे येत गेले. आता गावात त्यांची हीच गोष्ट राहणार होती.

माझ्यासमोर अर्धी भरलेली मोटार होती. तांब्याची तार हातातून सोडली आणि मोबाइलमधले जुने फोटो उघडले. तो स्क्रीनशॉट मी कधी पुसला नव्हता. वरच्या नावाभोवती लाल गोल केला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं:

"या गोष्टीत कोण नाही ते बघा आधी. काकांनी फक्त लिहिलं होतं. हे नाव गावात माझ्याच मोबाइलमध्ये आहे."

मोबाइल गल्ल्यावर ठेवला, शटर ओढलं आणि बालाजीच्या घराकडे चालत निघालो.