कुसुमताईंचा चेंडू

आमच्या ज्येष्ठ मंडळात अजूनही सांगतात, की दहा खुंट्या पाडायच्या बोलिंगचा सामना कुसुमताईंना त्या नव्या चेंडूने जिंकून दिला. साफ खोटे! मी तेथे होतो. चेंडू स्वस्तातलाच होता. भोके तेवढी त्यांनी बोटांच्या मापाने पाडून घेतली होती. चेंडू ज्या लाकडी पट्टीवरून सोडतात, तिच्यावरचे तेल चेंडूला लागे. प्रत्येक फेकीआधी त्या ते जुन्या लुगड्याच्या तुकड्याने निगुतीने पुसत.

"ताई, चेंडू आहे, देव नव्हे," मंडळातले देशपांडे हसले.

"देव घसरत नाही, भाऊ. हा घसरतो."

साधनाची अशी सेवा करणारे हात मी फार थोडे पाहिले. निर्णायक फेकीला चेंडू कडेकडेने गेला, शेवटी आत वळला आणि दहाही खुंट्या आडव्या झाल्या.

शंकेखोरांना पुरावाच हवा ना? तोच चेंडू नंतर मी टाकला. तो थेट कडेच्या पन्हळीत गेला.