अंतराळात ‘धडाम’ होत नाही

सुधीर गेल्याचा फोन आला तेव्हा मी पिंपळगावला भाचीच्या साखरपुड्यात, हातात पेढा घेऊन उभा होतो. मंगलावहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले हो..." महिना होऊन गेला, तरी फोन वाजला की आधी नाव बघतो, मगच उचलतो.

माझा मित्र सुधीर नाशिकच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा आणि मी दिवाळी अंकांसाठी विज्ञानकथा लिहायचो. माझी प्रत्येक कथा आधी त्याच्या तावडीत सापडायची. लेझर बंदूक दिसली की गृहस्थ खवळलाच! "अरे बाबा, अंतराळात हवा नाही, धूळ नाही. किरण बाजूने दिसणार कसा? आणि हे ‘धडाम’ कुणाच्या कानांनी ऐकलं?" मी वैतागून म्हणायचो, "मग वाचकाने बघायचं काय?" "भोक! समोरच्या यानाला गुपचूप पडलेलं भोक. आणि बंदूकवाल्याला फुटलेला घाम. किरणात जेवढी ऊर्जा जाते त्याहून जास्त उष्णता त्याच्याच यानात उरते. ती टाकायची कुठे, ते लिही. कथा तिथे आहे." मी त्याला तोंडावर ‘सेन्सॉर बोर्ड’ म्हणायचो आणि घरी येऊन निमूट खोडायचो.

मग मधुमेहाने त्याच्या डोळ्यांचा पडदा पोखरला. डॉक्टरांनी लेझरचे उपचार सांगितले. मी बाहेर ताटकळत होतो, तो काळा चष्मा लावून आला आणि म्हणाला, "हिरवागार उजेड, वर टक् टक् आवाजसुद्धा! घे, तुला आयता मसाला." आम्ही हसलो. रिक्षात मात्र त्याने माझा दंड घट्ट धरला, तो घर येईपर्यंत सोडला नाही. नजर काही वाचली नाही.

वाचन सुटलं तसा तो मिटत गेला. मी कथा वाचून दाखवायचो, तो नुसता "हं" म्हणायचा. भांड ना रे लेका! मला ते सहन होईना. म्हणून शेवटच्या कथेत मी मुद्दाम लालभडक किरण सोडला, शत्रूचं यान धडाम करून उडवलं, आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत वाचलं. आता उखडेल, मग उखडेल... तो म्हणाला, "छान जमलीय." जिना उतरताना मला रडू आलं. माझा सुधीर तिथेच संपला, असं वाटलं. पुढे थोड्याच दिवसांत मूत्रपिंडांनीही हात टेकले.

रामकुंडावर दहावा झाला. घरी आल्यावर चहा देताना वहिनी म्हणाल्या, "ती शेवटची गोष्ट वाचून तुम्ही गेलात ना, हे काय चिडले होते! म्हणे, इतकी वर्षं कानीकपाळी ओरडतोय, तरी गाढवाने अंतराळात धडाम केलंच!"

"मग मला का नाही बोलला?"

"मीही तेच विचारलं. म्हणाले, वाचताना त्याचा आवाज थरथरत होता गं... आज नको. पुढच्या वेळी चांगला झापतो."

ती कथा माझ्या टेबलावर पडून आहे. संपादक फोन करकरून थकले. धडाम खोडायला पेन उचलतो... आणि ठेवून देतो. ते खोडलं, तर मला झापायला त्याच्याकडे काही उरणार नाही.