मोठ्या बाई आणि आहेराचं घर

आमच्या मोठ्या बाई भांडायला उठल्या की आधी पायात चपला घालायच्या. घरातल्या घरात, अगदी स्वयंपाक चालू असला तरी. जानेफळला नवी सून म्हणून आले तेव्हा मला याचं नवल वाटलं. विचारलं, तर म्हणाल्या, "कोनी 'निंघ' म्हटलं त मंग चपला धुंडत बसा लागते, पोरी."

बाई म्हणजे माझी थोरली नणंद. देऊळघाटला त्यांचं सासर. त्यांच्या लग्नातला सगळा आहेर सासऱ्यांनी धाकट्या मुलाच्या दुकानात घातला. घरचंच दुकान, म्हणाले. नवरा वारल्यावर दुकान दिराचं झालं आणि बाईंना बाहेरची वाट दाखवली, तीही अनवाणी. तेव्हापासून त्या माहेरी होत्या. सगळ्या घराचं रांधायचं आणि धान्याच्या कोठ्यांशेजारच्या खोलीत झोपायचं. 'घरचं' हा शब्द मात्र त्यांना सहन व्हायचा नाही. कोणी म्हटलं की लगेच विचारायच्या, "घरचं म्हंजे कोनाचं? नाव सांग."

आमचं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. बैठकीत आहेराच्या पाकिटांची पिशवी ठेवलेली. माझे पती चिखलीला मेडिकलवर, मी तिथंच शाळेत शिक्षिका. त्यांच्या भाड्याच्या खोलीचा मालक मनात येईल तेव्हा पाणी बंद करायचा. म्हणून आहेर दोन खोल्यांच्या घरासाठी ठेवायचा, असं आम्ही लग्नाआधीच सगळ्यांना सांगितलं होतं. अमडापूरच्या माझ्या मामांनी तर तेवढ्यासाठी साडीचोळीऐवजी पाकीट दिलं होतं.

थोरले दीर पिशवी ओढून घेत म्हणाले, "यातून ट्रॅक्टरचं डाउन पेमेंट भरून टाकू. घरचाच ट्रॅक्टर हाय."

मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मान डोलावली. सासूबाई खाली बघून तांदूळ निवडत राहिल्या. माझ्या पतींनी नजर वळवली. मला कोणी विचारलंसुद्धा नाही. हाताची हळद निघाली नव्हती माझ्या, आणि माझ्यादेखत माझं घर ट्रॅक्टरला जुंपलं जात होतं! आजही आठवलं की डोकं तापतं.

तेवढ्यात बाई आतून आल्या. पायात चपला.

"ट्रॅक्टर कोनाच्या नावावर घेऊन राह्यला?"

"माह्याच. अजून कोनाच्या?"

"मंग पैसे बी तुहेच लाव."

"बाई, तू यात पडू नको. तुहं काय हाय यात?"

"माहं काईच नाई. म्हनून त बोलून राह्यली."

त्यांनी पिशवी उचलली आणि सरळ माझ्या मांडीवर ठेवली. "लोकाइनं या दोघाइले देलं. घ्या, अन् घर पाहा."

मामाजी गरजले, "कोनाच्या घरचं खाते तू?"

"खाते त रांधते बी, बाबा," बाई म्हणाल्या, आणि पुन्हा पोळ्या लाटायला गेल्या.

चिखलीला घर बघायला त्या आमच्याबरोबर आल्या. नळ सोडून पाहिले, भिंतीवर बुक्की मारून पाहिली, स्वयंपाकघरात ऊन कधी येतं ते शेजारणीला विचारून आल्या. घर विकणारा माणूस सगळा वेळ फक्त माझ्या पतींशी बोलत होता. बाईंनी त्याला थांबवलं. "हिच्याही आहेराचं घर हाय हे. हिचं नाव पह्यले लिव्हा." बाकीचं कर्ज काढलं आणि घर दोघांच्या नावावर झालं.

त्याची शिक्षा बाईंना मिळाली. त्यांच्या खोलीत खताची पोती रचली. लग्नकार्याला त्यांना नेणं बंद केलं. आमच्या वास्तुशांतीला जानेफळहून एकट्या बाई आल्या, एसटीनं, पिशवीत वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, घेऊन. मी त्यांचा हात धरला. "आता इथंच राहा."

"मी राह्यली त ते म्हनतीन, आपल्या सोयीसाठीच केलं हिनं. तुमच्या घराले बोल काऊन लावू?"

मी खूप भांडले. त्या संध्याकाळच्या गाडीनं परत गेल्या. पुढंही दर वेळी तसंच.

मग एका पावसाळ्यात त्यांना ताप आला. दिरांनी पुढं कर्जावर घेतलेला ट्रॅक्टर दारात उभा होता, मेहकरचा दवाखाना काही परदेशात नव्हता, पण बाईंना न्यायला कोणालाही वेळ झाला नाही. आम्हाला फोन आला तो बाई गेल्यावर.

तेरवीला पंगतीत दीर पाहुण्यांना सांगत होते, "बाई मनानं चांगली होती, पन तिनं आमचं घर फोडलं." माझ्या अंगाची आग झाली. मी पुढं झाले, पण त्याआधी सासूबाई उठल्या. मी त्यांना त्या घरात मोठ्यानं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"माही पोरगी तापानं फनफनून राह्यली होती, तवा तू कुठी होता रे?"

मामाजी म्हणाले, "अवं, बस खाली." त्या बसल्या नाहीत. आत जाऊन दोन लुगडी गाठोड्यात बांधली आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "मले चिखलीले घेऊन चाल."

आमच्या घरात शिरल्यावर त्या दोन्ही खोल्यांत फिरल्या, भिंतींवरून हात फिरवला. मग मला विचारलं, "बाई आली म्हंजे दुपारची कोन्त्या खोलीत निजे?"

"कोणत्याच नाही, आत्याबाई," मी म्हणाले. "त्यांनी इथं कधी पाठसुद्धा टेकली नाही."