वहिनीच्या ढाबळीतलं पिल्लू

वडील गेल्यावर त्यांच्या कबुतरांची ढाबळ माहेरच्या गच्चीवरच राहिली आणि ती सांभाळायचं काम आपोआप वहिनीकडे गेलं. त्यातली एक जोडी मी हट्टानं माझ्याकडे आणली. माझं घर दोनच गल्ल्या पलीकडे आहे. वडिलांचा जो नर सर्वांत उंच उडायचा, त्याच्या वंशातली ही शेवटची जोडी. मी सगळं रीतीनं केलं. खुराड्याला दुहेरी जाळी लावली, औषधाचे वार कॅलेंडरवर लिहिले. तरी गेल्या हिवाळ्यात शेजारच्या बोक्यानं मादी मारलीच. नर बिथरून उडाला, तो परत आला नाही. मागे उरलं एक पिल्लू. डोळे मिटलेलं, पिवळ्या लवेचं.

सिरिंजनं भरवून पाहिलं. पण इतक्या लहान पिल्लाला दाणा चालत नाही. कबुतरांचे आईबाप दोघंही गळ्याच्या पिशवीत तयार होणारं दूध त्याला भरवतात. ते माझ्या मिक्सरमध्ये कुठून तयार व्हायचं? पिल्लू गार पडू लागलं, तेव्हा त्याला रुमालात गुंडाळून मी माहेरी निघाले. भावाशीच बोलायचं असं ठरवलं होतं. दार वहिनीनं उघडलं.

"द्या हिकडं, वन्सं," ती म्हणाली आणि रुमालासकट पिल्लू घेऊन गच्चीवर गेली.

तिच्याकडे एका जोडीच्या एका अंड्यातून पिल्लू बाहेर आलं होतं, दुसरं अंडं वाया गेलं होतं. वहिनीनं डाव्या हातानं मादीपुढे दाणे धरले आणि उजव्या हातानं वाया गेलेलं अंडं काढून तिथे माझं पिल्लू सरकवलं. मादीनं एकदा खाली पाहिलं, अंग फुगवलं आणि दोन्ही पिल्लांवर बसली. वडील हे काम असंच करायचे. मला ते त्यांनी कधी करू दिलं नव्हतं.

मी रोज जाऊ लागले. पिल्लाच्या गळ्याची पिशवी भरलेली आहे ना, हे बोटानं चाचपून बघायची.

"सारखा हात लावू नगा, वन्सं," वहिनी म्हणाली. "त्यांस्नी वाटंल, सासू तपासणीला आलीया."

भाऊ हसला. मी नाही. पिल्लू आता त्या परक्या नराच्या चोचीत चोच घालून ओरबाडून प्यायचं, आणि ते जगतंय याचा आनंद व्हायच्या आधी माझ्या पोटात दुखायचं. त्यात वहिनी गच्चीवर आली की निम्मी ढाबळ तिच्या खांद्यांवर. मी तिथेच वाढले, पण माझ्याकडे एक पाखरू वळत नव्हतं.

खरी भीती वेगळीच होती. कबुतर ज्या गच्चीवरून पहिल्यांदा आभाळ बघतं, ती गच्ची त्याची. आमच्या पेठेत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पंखात बळ यायच्या आत पिल्लू हलवावं, तर अजून त्याला दाणा टिपता येत नव्हता. हलवू नये, तर ते वहिनीचं होणार.

"एवढी घाई काय, आक्का?" भाऊ म्हणाला. "हितं काय परकं हाय व्हय?"

एका संध्याकाळी गेले, तर त्या जोडीच्या खणाच्या उघड्या बाजूला पोतं ठोकलेलं.

"हे कशाला?"

"माजं आभाळ बघितलं तर तुमच्याकडं कशाला ऱ्हातंय ते?" वहिनी म्हणाली.

मी हे तिच्याजवळ कधी बोलले नव्हते. आभार मानायला हवे होते. मी विचारलं, "पोतं धुतलेलं आहे ना?"

"दोनदा. तुमची सवय ठावं हाय की."

दाणे टिपायला लागल्यावर पिल्लू घरी आणलं. माझ्या गच्चीवर काही दिवस जाळीत ठेवून एका दुपारी दार उघडलं. ते उडालं, वाकडंतिकडं भिरभिरलं आणि गल्लीपलीकडच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन बसलं. कबुतरं बोलवायला वडील मारायचे तशी शिट्टी मी मारली. घरात ती मला एकटीलाच जमते, भावालाही नाही. पिल्लानं मानसुद्धा वळवली नाही. ऊन उतरलं. वर एक शिक्रा घिरट्या घालू लागला.

"वहिनीला फोन लावू?" नवऱ्यानं विचारलं.

"नको."

मग लक्षात आलं. त्यानं शिट्टी कधी ऐकलेलीच नाही. वहिनीला शिट्टी येत नाही. ती निपाणीकडची, दाण्यांचा डबा खुळखुळवते आणि कानडीत हाळी देते, 'बा मरी, बा', ये पिल्ला, ये. तिची ती लांबवलेली हाळी मी घरी कितीदा चेष्टेनं करून दाखवली आहे. मी डाळीचा डबा आणला. शेजारच्या गच्चीवर कोणी नाही हे बघितलं. डबा खुळखुळवून हाक मारली, तिच्यासारखीच शेवटी चढवून, "बा मरी, बाऽऽ."

पिल्लानं मान तिरकी केली. दुसऱ्या हाकेला ते उडालं आणि सरळ डब्याच्या काठावर येऊन बसलं. त्याची नखं माझ्या अंगठ्यावर होती.

"हुबेहूब वहिनी," नवरा म्हणाला.

पिल्लाला डब्यासकट जाळीत ठेवत मी त्याला म्हटलं, आधी जाळीचं दार लाव.