रेडिओचं लायसन आणि माझा हिवताप

सरकारनं माणसाच्या आयुष्यात कमीत कमी लुडबूड करावी, असं माझं तरुणपणापासूनचं ठाम मत आहे. आणि खाकी कपड्यातला माणूस दाराशी दिसला की माझे गुडघे कापायला लागतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे मला फार उशिरा कळलं.

ऐंशीनंतरची ती सुरुवातीची वर्षं. धुळ्याला देवपुरातल्या एका शाळेत मी नागरिकशास्त्र शिकवायचो (वर्गात सरकारची कर्तव्यं सांगायची आणि स्टाफरूममध्ये येऊन त्यातली निम्मी रद्द करायची, असा माझा क्रम होता). तेव्हा घरात रेडिओ ठेवायचा तर पोस्टातून लायसन काढावं लागे. सासऱ्यांनी लग्नात दिलेल्या ट्रान्झिस्टरचं लायसन मी काढलं नव्हतं. "हवेतून आवाज येतो. हवा काय सरकारनं बनवलीय?" असं मी ज्याला त्याला विचारायचो.

माझी बायको सुमन म्हणायची, "तत्त्वबित्त्व काही नाही. तुम्हाला पोस्टाच्या खिडकीशी उभं राहायची भीती वाटते."

मी ते हसण्यावारी न्यायचो.

एके दिवशी स्टाफरूममध्ये कुणीतरी बातमी आणली, की लायसन तपासणारे देवपुरात घरोघर फिरताहेत; रेडिओ जप्त करतात, खटलाही भरतात. माझी नोकरीत कायम होण्याची ऑर्डर त्याच महिन्यात यायची होती. खटला भरलेल्या नागरिकशास्त्राच्या मास्तरला कोण कायम करणार? त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझे वडील, आबा, रेडिओ कानाशी धरून बसले होते. ते पारोळ्याजवळच्या आमच्या गावाहून चार दिवसांसाठी आले होते. मी खिडकीतून सहज पाहिलं. फाटकाला सायकल टेकवून एक माणूस आत येत होता. खाकी शर्ट, खांद्याला पिशवी, काखेत रजिस्टर.

मी आबांच्या हातातून रेडिओ ओढला.

"काय करी राह्यना रे?" आबा म्हणाले.

"हळू बोला, आबा. सरकारी माणूस आलाय."

"मंग? च्या कर त्याले."

मी रेडिओ गव्हाच्या कोठीत कोंबला, झाकण लावलं आणि वर बसलो. तो बंद करायचा राहिला, हे बसल्यावर लक्षात आलं. बुडाखाली कुणीतरी केळीच्या लागवडीविषयी सविस्तर बोलत होतं. मी मोठ्यांदा खोकायला लागलो.

खाकी शर्ट दारात आला. "घरात माणसं किती?"

"तीन," सुमन म्हणाली.

"केळीला पाणी बेताचंच द्यावं," कोठी म्हणाली.

मी आणखी जोरात खोकलो. त्यानं माझ्याकडे निरखून पाहिलं. माझे हातपाय लटलट कापत होते आणि कपाळावरून घाम निथळत होता.

"थंडी वाजते का, सर?"

नाही म्हणावं, तर मग कापता कशाला, असं तो विचारणार. "वाजते," मी म्हणालो.

"कधीपासून?"

"कालपासून."

"जेवण जातं?"

"नाही." (निदान हे तरी खरं होतं.)

त्यानं पिशवीतून सुई आणि काचेची पट्टी काढली. "हिवतापच दिसतो. मी मलेरियावाला. बोट द्या."

इथे मी खरं सांगायला हवं होतं. पण मलेरियावाला झाला तरी माणूस सरकारचाच. त्यांचं एकमेकांत बोलणं होत असणार. मी निमूटपणे बोट दिलं. त्यानं रक्त घेतलं, रजिस्टरात माझं नाव, वय, हुद्दा लिहिला आणि चार गोळ्या हातावर ठेवल्या.

"माझ्यासमोर गिळा."

इतकं कडू मी आयुष्यात काही खाल्लं नव्हतं. चौथी गोळी घशात असताना तो म्हणाला, "कोठीत रेडिओ आहे का?"

मी गोळीवर पाणी पीत राहिलो. मग आबा शांतपणे म्हणाले, "शे ना. तुले पाहीसन लपाडा त्यानी."

आता रजिस्टरात माझ्या नावापुढे रेडिओही चढणार, असं मी धरून चाललो. तो मात्र खुर्ची ओढून बसला. "काढा ना बाहेर. यावलला आमच्या भावाचा केळीचा बाग आहे. ऐकू तरी द्या."

मी गव्हातून रेडिओ उपसला. आबा आणि मलेरियावाला, दोघांनी चहा पीत कार्यक्रम संपेपर्यंत ऐकला. मी कोपऱ्यात घोंगडी पांघरून पडलो होतो, कारण तसं त्यानं बजावलं होतं.

उरलेल्या गोळ्या द्यायला तो पुढचे दोन दिवस नेमानं आला. माझं डोकं गरगरत होतं, कान वाजत होते. पुढे तपासणीत माझ्या रक्तात काहीही निघालं नाही.

"निघणार कसं?" सुमन म्हणाली. "भीती काचेवर दिसत नाही."

शाळेची ऑर्डर आली. मग मात्र मी ठरवलं की लायसन काढायचंच. पोस्टापर्यंत जायचा धीर गोळा करायला आणखी काही महिने गेले. शेवटी एकदाचा खिडकीशी उभा राहिलो आणि लायसन मागितलं.

"रेडिओचं लायसन बंद झालं," कारकून मान वर न करता म्हणाला. "आता लागत नाही."

म्हणजे जन्मभर मी जे मागत होतो, ते सरकारनं आपण होऊन केलं होतं. निदान माझ्या घरातून तरी सरकार बाहेर पडलं होतं. मी खिडकीचा गज घट्ट धरला आणि म्हणालो, "साहेब, लागत नाही असं जरा लिहून, वर शिक्का मारून देता का?"