जगदाळे सरांचा घडीचा कागद

जगदाळे सर गेल्याची बातमी मला मोबाइलवरच्या ग्रुपनं दिली. सकाळी साडेदहाला कॉलेजच्या स्टाफरूममध्ये चहा घेत होतो. आमच्या संस्थेच्या कार्यालयानं फोटो टाकला होता. फोटोत मधोमध संस्थेचे अध्यक्ष, गळ्यात भला मोठा हार. आणि त्यांच्या खांद्यामागं अर्धा कान आणि चष्म्याची एक काच, एवढेच सर. खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, आणि त्याखाली जोडलेल्या हातांची ही रांग! मी कप असा आपटला की बशीचा टवका उडाला. अरे, माणूस उभी हयात तुमच्या वर्गांत घसा फोडून राबला, आणि तुमच्याकडं त्याचा एक धड फोटो नसावा? त्याला आता सहा आठवडे झाले, पण संताप काही उतरत नाही. या पुरवणीच्या संपादकांनी सांगितलंय, सरांवर जरा हळवं लिहा. हळवं मला जमणार नाही. आणि ज्यांच्यावर मी चिडलोय त्यांत पहिला नंबर माझाच आहे, हेही आत्ताच सांगून टाकतो.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजात सर राज्यशास्त्र शिकवायचे. राहायला माधवनगरला, तिथून रोज सायकलनं यायचे. त्यांचा आयुष्यभराचा विषय एकच: परराष्ट्र धोरणात राष्ट्राध्यक्षाला सल्ला देणारा माणूस, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष दुसऱ्या देशात फौज पाठवायची की नाही हे ठरवतो, तेव्हा त्याच्या कानाशी कोण बसलेलं असतं, काय बोलतं आणि काय गिळून टाकतं, याचा अभ्यास सांगलीत बसून! लोक टिंगल करायचे. कॉलेजसमोरच्या टपरीवर कुणीतरी विचारायचंच, “सर, काय शिजलंय आज अमेरिकेत?” सर बिडी विझवत म्हणायचे, “आमटी शिजली आसंल. मीठ कुनी टाकलं त्येवढं बघतोय.” मी त्यांचा विद्यार्थी, पुढं त्यांच्याच विभागात लागलो, पण खरं सांगायचं तर बरीच वर्षं मीही मनातल्या मनात हसायचो. माणसाला ऊस नाही दिसत, पाणी नाही दिसत, आणि हे सात समुद्रांपलीकडच्या खोलीत डोकावतायत!

ते का डोकावतात हे मला त्यांच्या गावी गेल्यावर कळलं. गाव कोयनानगरच्या वाटेवरचं, बोरवाडी. घाटाच्या पोटातली शंभरेक घरं आणि घरटी एक माणूस फौजेत. सरांचे थोरले बंधू महादेव फौजेत नायक होते. परक्या देशात शांतता राखायला म्हणून त्यांची तुकडी गेली, आणि ते परत आले नाहीत. तार आली तेव्हा सर शाळेत होते. त्यांच्या आईनं तार घेऊन आलेल्या माणसाला एकच विचारलं होतं, “त्यास्नी तकडं पाठवा म्हनून कुनी सांगितलं व्हतं?” तो बिचारा काय सांगणार? सरपंच गप्प, मामलेदार गप्प. सर मला म्हणाले, “सुभ्या, आई जाईपतूर त्येच इचारत हुती. मला उत्तर मिळालं न्हाई. आपल्याकडं ती कागदं उघडत न्हाईत. तिकडची उशिरा का हुईना, उघडत्यात. म्हनून तिकडची वाचतोय. खोली कुठलीबी आसू दे, आत बसलेली माणसं सारखीच गड्या…” त्यानंतर मी हसलो नाही.

दर शनिवारी दुपारी सर कॉलेजच्या छोट्या सभागृहात वर्ग घ्यायचे. मार्क नाहीत, हजेरी नाही. चार टेबलं जोडायची. एकानं राष्ट्राध्यक्ष व्हायचं, एकानं परराष्ट्रमंत्री, एकानं संरक्षणमंत्री, आणि एकानं सल्लागार. सर एक प्रश्न टाकायचे: अमुक एका बेटावर बंड झालंय, तिथलं सरकार फौज मागतंय, पाठवायची का? मग सल्लागारानं कागद करायचा. कागदाला उभी घडी. डाव्या बाजूला ‘पाठवावी’, उजव्या बाजूला ‘पाठवू नये’, आणि दोन्हींकडं ओळी सारख्याच. स्वतःचं मत पुढं लिहायचंच नाही, ते पानाच्या मागं. राष्ट्राध्यक्षानं दोन्ही बाजू वाचायच्या आणि मगच पान उलटायचं. आणि वरच्या कोपऱ्यात, जिथं आपण तारीख घालतो तिथं, ज्या गावची पोरं जाणार त्यातल्या एका गावाचं नाव. ही शेवटची अट कुठल्या परदेशी पुस्तकात मिळायची नाही, ती बोरवाडीची.

“सल्लागाराकडं ना फौज, ना खातं,” सर सांगायचे. “त्येच्याकडं फकस्त दार. राष्ट्राध्यक्षाच्या खोलीत कुठला कागद जानार आन् कुठला भाईर ऱ्हानार, ते त्येच्या हातात. म्हनून परराष्ट्रमंत्र्याचं म्हननं परराष्ट्रमंत्र्यालाच पटंल असं मांडायचं. ते आपल्याला पटत नसलं तर जास्तच नीट मांडायचं.” लबाड सल्लागार कसा ओळखावा, हेही शिकवायचे. तो तीन पर्याय नेतो. एक थेट महायुद्धाचा, दुसरा शेपूट घालण्याचा, आणि मधला त्याला स्वतःला हवा असलेला. राष्ट्राध्यक्ष मधला उचलतो आणि स्वतःलाच शहाणा समजतो. “बाजारात दोन नासकं आंबं दावून तिसरा गळ्यात मारत्यात, तसंच की!” आणि सगळ्यात वाईट सल्लागार? चुकीचा सल्ला देणारा नव्हे. ‘साहेब, तुम्ही म्हणाल तसं’ म्हणणारा. सर सांगायचे, राष्ट्राध्यक्ष फाइल मिटता मिटता विचारतो, ‘कुणाला काही म्हणायचंय?’ खरं काम तिथं सुरू होतं. फाइल मिटायच्या आत तोंड उघडायचं. “मिटल्यावर उघडलं, तर त्येला आत्मचरित्र म्हनत्यात.”

दोन वर्षांपूर्वीचा एक शनिवार सांगतो. जतकडची मायाक्का नावाची पोरगी राष्ट्राध्यक्ष होती. घर मेंढपाळाचं, वर्गात एरवी तोंडातून शब्द नाही. सल्लागार झालेल्या पोरानं समतोल, हितसंबंध, प्रभावक्षेत्र असं बरंच काही फाडफाड सुनावलं. मायाक्कानं कागदाच्या दोन्ही बाजू वाचल्या, पान उलटून त्याचं मत वाचलं, पुन्हा सुलट केलं. मग कोपऱ्यातल्या गावाच्या नावावर बोट ठेवून म्हणाली, “बरं, पाठवू. पर ह्या गावात जाऊन सांगायचं कुनी? तुमी का मी?” सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला, आणि वर्ग तिथंच संपवला. सायकलपर्यंत चालत जाताना मला म्हणाले, “झालं माझं काम. आईनं इचारल्यालं ह्या पोरीनं इचारलं बघ.” मी त्यांना एवढं खूश कधी पाहिलं नव्हतं.

आता माझं पाप. सर निवृत्त झाले तरी शनिवारचा वर्ग सोडला नव्हता. मी तोवर उपप्राचार्य झालो होतो. सर मुद्दाम ‘सुभाषराव’ म्हणायला लागले होते. गेल्या वर्षी आमच्या अध्यक्षांच्या मनात आलं की त्या सभागृहात फौज भरतीपूर्व प्रशिक्षणाचं केंद्र काढायचं. म्हणजे पोरांना फौजेत पाठवायची तयारी करायची, आणि त्यांना पाठवणाऱ्याला प्रश्न विचारायला शिकवणारा वर्ग बंद करायचा! सरांची केंद्राला ना नव्हती. ते म्हणाले, “पोरं भरती व्हावीतच. निम्मं बोरवाडी त्येच्यावर जगतंय. पर शनिवारचं दोन तास सोडा म्हनावं.” अध्यक्षांनी मला टिपण करून आणायला सांगितलं. मी सरांच्याच पद्धतीनं केलं. उभी घडी, डावीकडं वर्ग बंद करावा, उजवीकडं करू नये, ओळी मोजून सारख्या. कोपऱ्यात बोरवाडी. आणि मागं माझं मत, स्वच्छ अक्षरात: हा वर्ग बंद करणं ही मोठी चूक होईल.

बैठकीत अध्यक्षांनी कागद वाचला. “हे गाव कुठलं हो?” “सरांचं, साहेब.” “बरं बरं.” दोन्ही बाजू वाचून त्यांनी तो पेपरवेटखाली सारला. पान उलटलं नाही. पेनाला टोपण लावत म्हणाले, “कुणाला काही म्हणायचंय?” …हाच तो क्षण! याच क्षणाबद्दल मी वीस वर्षं पोरांना सरांच्या बरोबरीनं शिकवत आलो होतो. ‘साहेब, पान उलटा.’ तीनच शब्द! पण पुढचा विषय होता प्राचार्यपदासाठी माझ्या नावाची शिफारस. मी तोंडात गुळणी धरली. सगळ्यांनी नंदीबैलासारख्या माना हलवल्या, त्यांत माझीही होती. वर्ग बंद झाला आणि मी प्राचार्य होऊन बाहेर पडलो. थू!

पुढच्या आठवड्यात माधवनगरला सरांकडं गेलो. काकूंनी चहा टाकला. सरांनी विचारलं, “पान उलटलं का रं त्यांनी?”

“उलटलं, सर.”

“वाचलं?”

“वाचलं.”

“मग ठीक हाय. वाचून न्हाई म्हनले, तर त्यो त्येंचा अधिकार हाय. राष्ट्राध्यक्षाला चुकायचा अधिकार आसतोय.” आणि माझ्या कपात आणखी थोडा चहा ओतला. मी तो प्यालोही. वर्ग बंद झाल्यानं सर गेले, असलं काही मी म्हणणार नाही. छातीचं दुखणं जुनंच होतं. पण त्यानंतर शनिवारी दुपारी ते जेवणाच्या टेबलावर एकटेच पेपर वाचत बसायचे, आणि मी त्या वेळेला त्यांच्या गल्लीतून जायचं टाळायचो.

शोकसभेत अध्यक्ष उभे राहिले. गहिवरले. म्हणाले, सरांचं योग्य स्मारक म्हणून भरती केंद्राच्या त्या सभागृहाला सरांचं नाव द्यायचं ठरवलंय. टाळ्या! जिथून हाकललं तिथंच पाटी लावायची. जित्यापणी दोन तास द्यायला जड झालं, मेल्यावर आख्खं सभागृह देतायत. आणि मी? मी व्यासपीठावर होतो. मीही टाळ्या वाजवल्या. हात आपोआप वर गेले… सवय, दुसरं काय?

तेराव्यानंतर काकूंनी पुस्तकं न्यायला बोलावलं. निघताना त्यांनी एक पाकीट माझ्या हातात दिलं. “ह्ये तुमचंच हाय बघा सुभाष. त्यांनी येगळं ठिवलं हुतं.” आत वर्ग बंद केल्याचं संस्थेचं पत्र, आणि सोबत माझ्या टिपणाची झेरॉक्स. फक्त पुढच्या बाजूची! मागं काही लिहिलंय हे कार्यालयात कुणाच्या गावीही नव्हतं. मी तो कागद उलटला. झेरॉक्सच्या कोऱ्या पाठीवर सरांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं: ‘इथे सुभाषचे मत होते. ते वर्गाच्या बाजूचे असणार.’

“कधी लिहिलं हे?” मी विचारलं.

“पत्र आलं त्याच दिशी. तुमी मागनं दोन दिसांनी चहाला आला न्हवं का?”

म्हणजे मला विचारलं तेव्हा सरांना ठाऊक होतं. पान कुणी उलटलं नाही, आणि मी उलटायला सांगितलं नाही, हे दोन्ही. तरी माझं खोटं त्यांनी चहाबरोबर गिळलं, आणि कागदावर मात्र माझ्या बाजूनं साक्ष दिली. अहो सर, दोन शिव्या लिहायच्या होत्या की! दारात उभं करून थोबाडीत मारायची होती. ती मी सोसली असती. ही एक ओळ मला सोसत नाही. त्या दिवशी काकूंसमोर मी रडलो, पण ते रडणं दुःखाचं कमी आणि स्वतःवरच्या चिडीचं जास्त होतं.

गेल्या सोमवारी तो कागद घेऊन मी अध्यक्षांच्या दालनात गेलो. सरांच्या ओळीखाली मी माझं मत शाईनं पुन्हा लिहिलं होतं, आणि एक भर घातली होती: ‘शनिवारचा वर्ग त्याच सभागृहात सुरू करावा. मायाक्का एम. ए. झाली आहे, ती आणि मी घेऊ. पाटी नको.’ अध्यक्षांनी पुढची बाजू पाहिली. “हे तर जुनंच की, प्राचार्य.” कागद पेपरवेटखाली गेला. पेनाला टोपण लागलं. “आणखी काही?”

“साहेब, पान उलटा.”

माझा आवाज जरा चढला असावा, कारण दारातला शिपाई आत डोकावला. अध्यक्षांनी माझ्याकडं पाहिलं, कागदाकडं पाहिलं, आणि पेपरवेट उचलला. पेन्सिलीची ओळ वाचली, शाईची वाचली, मग पेन्सिलीची पुन्हा वाचली. “हे जगदाळे सरांचं अक्षर?” मी हो म्हणालो. “मग त्या वेळी बोलला का नाहीत?”

“भ्यालो, साहेब. प्राचार्य व्हायचं होतं.”

कागद त्यांच्या हातातच होता. तसाच ठेवून मी बाहेर आलो. फाइल मिटल्यावर तोंड उघडलं की त्याला सर काय म्हणायचे ते वर लिहिलंच आहे. तेव्हा या लेखानं माझं पाप धुतलं जात नाही, हे मला कळतं. प्राचार्यपद जायचं तर जावो. काल काकूंनी विचारलं, “त्येंच्या हातचं अक्षर तेवढंच उरलं हुतं की वो, देऊन आला?” म्हटलं, हो, दिलं. अजून उत्तर आलेलं नाही. शिपायाकडं चौकशी केली, तर तो म्हणाला की कागद अजून साहेबांच्या टेबलावरच आहे, मागची बाजू वर.